चार नंबरच्या दांड्यावरचा डाग

हर्नियाचं ऑपरेशन करून एकवीस दिवसांनी लख्खकाका कामावर परतले, तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांना जाणवलं, की सगळे आपल्याकडे बघून गालातल्या गालात हसताहेत. आधी त्यांना वाटलं, शर्टाची बटणं वरखाली लागली असतील. चाचपून बघितलं, तर बटणं जागच्या जागी होती.

"काका, एवढ्या लवकर कशाला आलात?" पान्या म्हणाला. "अजून दोन-चार महिने आराम केला असतात तर कारखान्याचं कल्याण झालं असतं."

पान्या म्हणजे तिथला फिटर. खिशात पाना आणि तोंडात टोमणा घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे असं, की तुम्ही गेलात आणि पॅकिंगच्या सहाही मशीनवर एकवीस दिवसांत एक बुश बदलावा लागला नाही. एक म्हणजे एक नाही! एरवी आठवड्याला तीन-चार जातात. आता तुम्हीच सांगा, बुश कोण खातं?"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. काकाही हसले, पण ते हसू उसनं होतं.

लख्खकाकांना ते नाव उगाच पडलेलं नव्हतं. एकतीस वर्षं ते पॅकिंग खात्यातल्या मशीनची साफसफाई बघत होते, आणि त्यांनी पुसलेल्या पत्र्यात बघून बायका केस सारखे करत. प्रत्येक पॅकिंग मशीनवर एक सरकता ठोकळा असे. त्याला सगळे 'ढकल्या' म्हणत. बिस्किटांची चळत पुढे ढकलून कागदात सारायची आणि पुन्हा मागे यायचं, दिवसभर एवढंच त्याचं काम. हा ढकल्या पोलादाच्या दोन गुळगुळीत दांड्यांवरून सरके, आणि दांडा व ढकल्या यांच्यामध्ये बांगडीसारखे चार बुश बसवलेले असत. खाली उघडी बिस्किटं, त्यामुळे तेलाचा थेंबही चालायचा नाही. म्हणून बुश प्लास्टिकचे होते. नॉनस्टिक तव्यावर ज्या जातीचं प्लास्टिक असतं त्याच जातीचं, पण आत काळपट भुकटी मिसळून टणक केलेलं. तेलाविना, कोरडेच चालणारे. बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, 'आयुष्य दोन वर्षांहून अधिक.' इथे मात्र ते पाच-सहा आठवड्यांत ढिले व्हायचे, ढकल्या डुगडुगायला लागायचा आणि बिस्किटांचा चुरा व्हायचा. कारखाना म्हणे बुश भिकार आहेत, कंपनी म्हणे तुम्हाला वापरता येत नाहीत.

त्या दिवशी काका सरळ आपल्या मशीनपाशी गेले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सहाही मशीनच्या दांड्यांवर राखाडी-काळपट डाग बसले होते. बदलीवर आलेल्या माणसाने ब्रशने चुरा झटकला होता आणि हात झटकून तो मोकळा झाला होता. दांड्यांना त्याने बोट लावलेलं नव्हतं.

"मी नसलो की ही अशी कळा," काका पुटपुटले. बारीक पॉलिश पेपर काढला, स्पिरिटची बाटली काढली, कापडाच्या घड्या घातल्या, आणि पाळी संपेपर्यंत बाराच्या बारा दांडे आरशासारखे करून टाकले. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं. ते त्यांना घरी गेल्यावर आठवलं.

चौथ्या दिवशी दोन नंबरचा बुश गेला. आठवडाभरात आणखी तीन गेले.

यावेळी पान्याने टोमणा मारला नाही. त्याने बदललेले चार बुश काकांच्या समोर फळीवर ओळीने मांडले. टोमणा परवडला असता.

घरी काकांनी जेवणाच्या ताटाला नीट हात लावला नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा दटावलं, तेव्हा ते बोलले.

"अगं, एकतीस वर्षं पुसतोय. आणि म्हणे माझ्या पुसण्यानेच मशीन बिघडतं. अशाने उद्या म्हणतील, आंघोळ केल्याने माणूस मळतो."

"असंच म्हणतात का ते?"

"तोंडाने म्हणत नाहीत. पण नजरेने म्हणतात."

बायको शिवणकाम करणारी होती. डोळ्यांना दिसतं ते खरं, पण टेपने मोजलं की जास्त खरं, असा तिचा खाक्या. ती म्हणाली, "अहो, मग रुसून काय बसलात? मोजा की. दोन मशीन घ्या सारखी. एकीला पुसा, एकीला पुसू नका. दहा दिवसांत कळेल, ते खरे की तुम्ही खरे. तुम्ही खरे निघालात तर त्या पान्याच्या तोंडावर वही फेका."

"आणि ते खरे निघाले तर?"

"तर वही फेकू नका," बायको म्हणाली आणि तिने ताटात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने शिवणाच्या मापांची एक अर्धी कोरी वही काकांच्या पिशवीत टाकली. पुढच्या पानांवर कुणाकुणाच्या छाती-कमरेची मापं होती. मागच्या बाजूने काकांनी सुरुवात केली.

तीन आणि चार नंबरची मशीन जुळी होती. एकाच साली आलेली, एकच बिस्किट भरणारी, एकाच वेगाने चालणारी. काकांनी पान्याला गाठून सांगितलं, "या दोन्हींना कोरे बुश घाल. तीन नंबर मी रोज पुसणार. चार नंबरला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. आणि रोज सुट्टी झाली, की दोन्हीकडचा एकेक बुश काढून द्यायचा, मी वजन करून परत आणून देतो."

"रोज?" पान्या ओरडला. "काका, मला घरदार आहे!"

"दोन तर स्क्रू आहेत. तुझ्या तोंडापेक्षा तुझा हात जलद चालतो असं लोक म्हणतात. दाखव आता."

हा वार बसला. पान्या कबूल झाला. मात्र बुश काढताना त्याने त्यावर आणि ढकल्यावर सुईने बारीक खूण केली, म्हणजे परत बसवताना इकडचं तिकडे व्हायला नको. चेष्टेखोर असला तरी तो कामात कच्चा नव्हता.

वजनाचा काटा सुगंधाच्या खोलीत होता. बिस्किटात घालायचे अर्क थेंबाथेंबाने तोलायचे, म्हणून काचेच्या पेटीतला, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा नाजूक काटा. तिथल्या बाईंनी काकांना एकच अट घातली, "काटा पुसायचा नाही."

पहिल्या दिवशी तीन नंबरचा बुश चाळीस मिलिग्रॅमने हलका झाला, चार नंबरचा अडतीसने. काका मनातून खूश झाले. फरक कुठे आहे? दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस आणि एकोणतीस. काकांनी काट्यावर संशय घेतला आणि पुन्हा तोललं. आकडा तोच. तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस आणि बारा.

चौथ्या दिवशी तीन नंबरचे पुन्हा चाळीस. चार नंबरचे तीन.

काका काट्यासमोर इतका वेळ बसून राहिले, की बाईंनी येऊन विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

या दिवसांत काकांची जी उलघाल झाली ती त्यांनाच ठाऊक. चार नंबरच्या दांड्यावर रोज थोडा थोडा डाग चढत होता. आधी ढगासारखा विरळ, मग पट्टे पट्टे, मग सगळीकडे सारखा, एखाद्या जुन्या पेन्सिलीने हलक्या हाताने रंगवल्यासारखा. तो बघितला की काकांचे हात शिवशिवत. चार नंबरवरून जाताना ते दोन्ही हात खिशात घालत. एकदा तर बोलता बोलता नकळत कापड हातात आलं आणि दांड्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. पान्याने ते पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. पुढे मात्र त्याची गोष्ट करून तो वर्षभर सांगत होता.

दहाव्या दिवशी वहीतलं चित्र स्पष्ट झालं. तीन नंबर रोजचे चाळीसच्या आसपास झिजत होता. चार नंबर एक-दोनच्या वर जात नव्हता. शिवाय पान्याने ढकल्या मोकळा करून हाताने सरकवून बघितला. चार नंबरचा बोटाने ढकलला तरी सुळकन जायचा, तीन नंबरचा किंचित अडखळायचा.

काकांनी वही मिटली आणि पान्याच्या हातात दिली. फेकली नाही.

"मी होतो तो," ते म्हणाले. "बुश खाणारा."

पान्याने वही चाळली, मध्येच चुकून पुढच्या बाजूची मापं वाचली, गोंधळला आणि परत मागे आला. मग तो म्हणाला, "काका, एक सांगू? एवढं साहेबांनाही सुचलं नसतं. मला तर नाहीच नाही." आणि त्याने वही काकांच्या हातात परत दिली.

त्याच आठवड्यात बुश बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागातून एक बाई आल्या. कारखान्याने नववी की दहावी तक्रार पाठवली होती, आणि यावेळी उत्तर देण्याऐवजी त्यांनी स्वतःच यायचं ठरवलं होतं. चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचून तोच शोधणाऱ्या. साहेबांच्या खोलीत त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "दांडे कोण पुसतं?"

साहेब अभिमानाने म्हणाले, "आमची स्वच्छता उत्तम आहे. रोज पॉलिश होतात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी तीन पत्रांत हेच विचारलं होतं! तुम्ही तिन्ही वेळा लिहिलंत, 'स्वच्छता समाधानकारक.'"

साहेबांनी काकांना बोलावलं. काका वही घेऊन गेले. बाईंनी चष्मा शोधला, लावला, आणि शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत आकडे वाचले. चौथ्या दिवसाच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"चूकही मीच केली होती, म्हटलं मोजणीही आपणच करावी."

बाई हसल्या आणि काकांना घेऊन चार नंबरपाशी गेल्या. "हा डाग म्हणजे घाण नाही, काका. हा बुशच आहे. पोलाद कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्यावर बारीक चरे असतात. सुरुवातीला ते चरे बुशाला खरवडतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन्हीकडे जवळजवळ सारखी झीज दिसली. पण खरवडलेलं प्लास्टिक वाया जात नाही, त्या चऱ्यांमध्ये बसतं, पसरतं, आणि दांड्यावर पातळ थर तयार होतो. आतली भुकटी तो थर धरून ठेवायला मदत करते. एकदा थर नीट बसला, की मग बुश पोलादावर घासतच नाही, स्वतःच्याच थरावरून घसरतो. घर्षण कमी, झीज कमी."

"आणि मी रोज संध्याकाळी तो थर काढून टाकत होतो."

"आणि वर पॉलिश पेपरने ताजे चरेही पाडत होतात. बुश बिचारा रोज सकाळी पहिल्यापासून सुरुवात करायचा."

काकांनी चार नंबरच्या दांड्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षं," ते म्हणाले.

"हे बुश येऊन पाचच वर्षं झाली," पान्या मागून म्हणाला. "त्याच्या आधी पितळेचे होते. तेव्हा पुसत होतात ते बरोबरच होतं. हिशेब उगाच वाढवू नका, काका."

त्या रात्री काकांनी सगळं घरी सांगितलं तेव्हा बायकोने पोळपाट बाजूला ठेवला आणि ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या आईने दिलेला मुरलेला लोखंडी तवा तुम्ही घासून पांढरा केला होतात. तेव्हापासून मी हेच ओरडतेय. तेव्हा माझं ऐकलं असतंत, तर आज कारखान्याचा चार पैशांचा फायदा झाला असता!"

काकांना तो तवा चांगलाच आठवत होता.

कारखान्यात पाटी लागली, 'दांड्यांना हात लावू नये.' अक्षर काकांचं होतं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आणि मग सहा नंबर बिघडला. तिथे वाकलेला एक दांडा बदलून कोरा बसवला होता, बुशही कोरे, कुणी कापड लावलेलं नाही, तरी तीन आठवड्यांत ढकल्या डुगडुगायला लागला. पान्या डोकं खाजवत होता. साहेबांचा चेहरा सांगत होता, की आता पाटी काढायची का.

काकांनी दांड्यावर वाकून पाहिलं. इथेही डाग होता, पण चार नंबरसारखा नव्हता. कुठे जाड ढेकळं, कुठे नुसतं उघडं पोलाद, आणि ढेकळं नखाने सुटत होती. काकांनी बोट नाकाशी नेलं.

"पान्या, हा दांडा आला तेव्हा कागदात गुंडाळलेला होता?"

"हो. गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं ना, तसाच."

"ते तेल कुणी काढलं?"

पान्या पाटीकडे बघायला लागला. "तुम्हीच लिहिलंय, हात लावू नये."

काका इतके मोठ्याने हसले, की ऑपरेशनच्या जागी टाका दुखल्यासारखं झालं. "अरे, तेलावर थर कसा धरेल? धरतो आणि सुटतो, धरतो आणि सुटतो! आधी एकदा नीट पुसायचं, आणि मगच हात लावायचा नाही!"

त्यांनी स्पिरिट मागवलं. किती दिवसांनी त्यांच्या हातात ती बाटली आली होती! दांडा काढून आडवा ठेवला. एक कापड, एक पुसणं, आणि ते कापड टाकून दुसरं, कारण तेच कापड पुन्हा फिरवलं तर काढलेलं तेल परत लागतं. टोकाकडून टोकाकडे, कधी उलट नाही. आठव्या कापडावर काहीही उमटलं नाही, तेव्हा ते थांबले. पान्याने कोरे बुश घातले. चार दिवसांत सहा नंबरवर तोच हलका, सारखा, पेन्सिलीसारखा डाग चढला. पाटी बदलली. आता त्यावर दोन ओळी होत्या.

काकांनी बुशच्या कंपनीतल्या बाईंना फोन करून हे कळवलं. ते ऐकून बाई म्हणाल्या, "काका, एक दिवस आमच्याकडे याल का? आमचीच एक अडचण आहे."

बाईंच्या चाचणीच्या खोलीत एक यंत्र होतं. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कांडी फिरत्या पोलादी तबकडीवर दाबून ठेवायची, आणि काही तास फिरवून किती झिजली ते मोजायचं. अडचण अशी, की एकाच प्लास्टिकच्या पाच कांड्या पाच तबकड्यांवर घासल्या तर पाच वेगळे आकडे यायचे. काका स्टुलावर बसून सकाळभर बघत राहिले. काम करणारी पोरगी हुशार होती, तबकडी मन लावून पुसायची.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी विचारलं, "काय वाटतं?"

"पोरीचं पुसणं छान आहे," काका म्हणाले, "पण पुसून झालं की ती तबकडी मधोमध बोटांनी धरून उचलते. बोटाचं तेल लागतं. कधी दोन बोटं, कधी तीन, कधी अंगठा. मग थर रोज सारखा कसा बसेल?"

पोरीने आपल्या बोटांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत. बाईंनी पाच तबकड्या आणून काकांपुढे ठेवल्या.

काकांनी त्या पुसल्या. कडेने धरून, दर वेळी नवं कापड, आणि स्पिरिट आपोआप उडून जाईपर्यंत फुंकरही न मारता, कारण फुंकरीतही ओल असते. पाचही आकडे आठवड्याभराने आले, आणि पाचही एकमेकांच्या इतके जवळ होते, की बाईंनी ते आपल्या साहेबांना नव्हे, आधी काकांना कळवले.

त्याला आता दोन वर्षं झाली. काका कारखान्यातून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी पान्याने भाषण केलं, आणि त्यात टोमणे इतके होते की शेवटी काकांनीच त्याला हाताला धरून खाली बसवलं. पण काका घरी बसले नाहीत. आठवड्यातून दोन दिवस ते बाईंच्या चाचणी खोलीत जातात आणि तबकड्या तयार करतात. त्यांना एक पांढरा कोट मिळाला आहे. बाह्या लांब होत्या, बायकोने आखूड करून दिल्या, आणि करता करता म्हणाली, की मला एकदा दाखवा तरी तुम्ही तिथे काय करता.

मागच्या महिन्यात ती गेली. बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि एक तबकडी खाली सरकवली. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग बरोबर तो मिटला जो मिटायला हवा होता, आणि बराच वेळ बघत राहिली.

"कसं दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"नव्या भिंतीला पहिला हात दिल्यासारखं," ती म्हणाली. "एका बाजूला अजून थोडं उघडं आहे. तिथे थर बसायला किती वेळ लागेल?"

"यंत्रावर पुन्हा फिरवली, तर तासभर."

"मग मी थांबते," ती म्हणाली, आणि पिशवीतून आपलं काजं-बटणांचं काम काढून स्टुलावर नीट बसली. पलीकडच्या टेबलावर काका पुढच्या तबकडीचं तिसरं कापड उलगडत होते.